बटणं मागच्या बाजूला

बहुतेक सबवूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरची, सगळी बटणं पाठीवर असतात आणि पाठ भिंतीला टेकलेली असते. गेले चार महिने मी हा त्रास काढतो आहे. आवाज थोडा कमी करायचा तर 14 किलोचं खोकं पुढे ओढायचं, मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि काळ्या पत्र्यावरची राखाडी अक्षरं वाचायची. बटण फिरवून सोफ्यावर येऊन बसेपर्यंत आधीचा आवाज कसा होता तेच आठवत नाही. शिवाय खोकं ओढल्यामुळे त्याची जागाही हललेली असते. फरक बटणाने पडला की जागेने, हे कळायला मार्ग नाही.

आणि जागेने फरक पडतोच. आमचा हॉल 12 फूट लांब आहे. एवढ्या लांबीत साधारण 47 हर्ट्झचा सूर, म्हणजे बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेवरचा, दोन भिंतींमध्ये अडकतो. भिंतीपाशी तो फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. सोफा भिंतीला लागून, त्यामुळे माझ्या अंगावर नुसता घुमारा येतो. मुलगी मधोमध सतरंजीवर बसते, ती म्हणते, ‘बाबा, वाढव ना!’ त्याच वेळी स्वयंपाकघरातून हिचा आवाज येतो, ‘अहो, मांडणीतल्या वाट्या वाजताहेत.’ दोघींचंही खरं असतं.

विकताना दुकानदाराने एवढंच सांगितलं होतं, ‘साहेब, कोपऱ्यात ठेवा, दणका येईल.’ दणका येतो. पण मला दणका नको होता. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत बेस गिटार स्वतःची वेगळी चाल घेऊन चालते, ती मला ऐकायची होती. शेवटी सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवला, गाणं लावलं आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत गेलो. जिथे सगळे खालचे सूर सारखे ऐकू आले, तिथे तो कायमचा ठेवला. कोपऱ्यापासून दीड फुटावर. हा उपाय विकणाऱ्याने सांगायला दोन मिनिटं लागली असती.

फेजचं, म्हणजे सबवूफरचा आवाज बाकीच्या स्पीकरशी जुळवायचं बटण तर एकट्या माणसाने वापरण्यासारखंच नाही. 0 आणि 180 यांत कुठे गाणं भरीव लागतं हे बसायच्या जागेवरून ऐकायचं असतं, आणि बटण असतं खोक्यामागे. मुलीला तिथे बसवून ‘आता इकडे, आता तिकडे’ असं ओरडत आम्ही ते लावलं. क्रॉसओव्हरचं, म्हणजे कोणत्या सुरापासून खाली सबवूफरने वाजवायचं ते ठरवणारं बटणही तसंच. ॲम्प्लिफायरमध्ये 80 हर्ट्झ लावलेलं असेल, तर सबवूफरवरचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवावं लागतं, नाहीतर तोच आवाज दोनदा कापला जातो. माहितीपुस्तिकेत याला एक ओळ आहे, बारीक टाइपात.

रात्री आवाज लहान ठेवला की हे यंत्र आपोआप झोपतं, आणि गाण्याच्या मध्येच ‘ठक्’ करून जागं होतं. ते बंद करायचं बटण कुठे आहे ते सांगायला नको.

घरघरीने मात्र माझी झोप घालवली. गाणं थांबवलं तरी सतत हूंऽऽ. हा विजेचाच 50 हर्ट्झचा आवाज. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘प्लगची जाड पिन कापू, बंद होईल.’ मी कापू दिली नाही. ती अर्थिंगची पिन आहे, बिघाड झाला तर तिच्यामुळे जीव वाचतो. ती कोणीही कापू नये. मी एकेक वायर काढून पाहिली. सेट-टॉप बॉक्सची केबल काढताच घरघर थांबली. केबलवर आयसोलेटर बसवला, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर एकाच बोर्डावर घेतले, आणि घर शांत झालं.

काही महागड्या सबवूफरवर बटणांचं हे सगळं काम मोबाइलवरून, बसल्या जागी करता येतं. म्हणजे ते अशक्य नाही. बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे की स्वस्त सबवूफरना मोबाइलची सोय नाही दिली तरी चालेल, पण आवाजाचं आणि फेजचं अशी दोन बटणं पुढच्या बाजूला द्या.