आप्पांचा काटा

पौड रस्त्याला जमिनीचा पैसा कुठं गेला, हे कुणाला विचारावं लागत नाही. तो दारात उभा असतो, बहुधा पांढरा असतो, आणि त्याच्या मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव असतं. उरलेला गळ्यात असतो. पण मुळशीत आणखी एक जात आहे, जिचा पैसा दिसत नाही. तो काचेच्या पेटीतल्या सोनाराच्या काट्यात आणि जर्मनीहून आलेल्या छऱ्यांच्या डब्यांत गेलेला असतो. या जातीच्या माणसाला आपण आप्पा म्हणू. पिरंगुट, भूगाव, सूस, कुठंही एखादा सापडतो. पोरगी म्हाळुंगे-बालेवाडीच्या रेंजवर नेमबाजी करते आणि आप्पा घरी बसून वजन करतात.

1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभी राहिलेली ती क्रीडानगरी आप्पांना घरची वाटते. 2021 साली म्हाळुंगे पुणे महापालिकेत गेलं. आप्पांचं म्हणणं, पालिकेनं गाव नेलं, रेंज मुळशीचीच. याच रेंजवर सराव केलेला कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकला, तेव्हा लोकांनी पेढे वाटले. आप्पांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "लॉट कुठला होता?"

लॉट हा आप्पांच्या धर्माचा मूळ मंत्र आहे. एका यंत्रावर, एका बैठकीत, एकाच मालातून निघालेली काडतुसं म्हणजे एक लॉट. डबी तीच, नाव तेच, किंमत तीच. पण अमुक नळीला अमुक लॉट मानवतो आणि दुसरा मानवत नाही. का, ते नळीच जाणे. हे आप्पांचं खूळ नाही, खरी गोष्ट आहे. बर्मिंगहॅमजवळ एली कंपनीच्या चाचणी-रेंजवर मोठे नेमबाज आपली नळी घेऊन जातात, ती पकडीत आवळतात, एकेका लॉटच्या गोळ्या 50 मीटरवर झाडतात आणि ज्याची छिद्रं सर्वांत जवळजवळ पडतात तो लॉट उचलतात. आप्पांनी हे ऐकलं आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागलं. तोवर ते साधे माणूस होते. लोकांना जमिनीचे दर सांगत.

दुसरं वळण अमेरिकेतल्या व्हिडिओंनी लावलं. तिकडचे लोक गॅरेजमध्ये बसून आपलं काडतूस आपण भरतात. झाडलेलं पितळी कवच पुन्हा घ्यायचं, त्याला नवी कॅप, तोलून घातलेली दारू, वर गोळी. नीट जमलं तर कारखान्याच्या महागड्या मॅच-ग्रेडच्या तोडीस तोड, क्वचित सरसही. कारण कारखाना जगातल्या सगळ्या रायफलींसाठी शिवतो आणि हा माणूस एकाच रायफलीच्या अंगाचं माप घेतो. आप्पा हे बघताना चहा विसरत. शेवटी त्यांनी वकील भाच्याला बोलावलं.

"मामा, शस्त्र कायदा 1959. कलम पाच. परवान्याशिवाय काडतूस बनवायचं नाही."

"बनवायचं कुठं? थोडं सुधारायचं."

"बदलणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं, सगळं त्या कलमात आहे. शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. 2019 ला वाढवलीय."

आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तोलणं आहे का त्यात?"

भाच्यानं कलम पुन्हा वाचलं. तोलणं नव्हतं.

त्या संध्याकाळी आप्पा लक्ष्मी रस्त्यावर जाऊन काटा घेऊन आले. सराफानं विचारलं, सोनं किती? आप्पा म्हणाले, सोनं नाही, शिसं. सराफाच्या धंद्यात असं उत्तर पूर्वी कुणी दिलं नसावं.

खरं तर पोरीच्या .22 रायफलीचं काडतूस कायद्यानं परवानगी दिली असती तरी आप्पांना पुन्हा भरता आलं नसतं. त्यात कॅप वेगळी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोडा पडला की ती कड कायमची चेमटते. म्हणजे ऑलिम्पिकची 50 मीटर रायफल खेळणारा जगज्जेता असो की आप्पांची पोरगी, दोघांनाही कारखान्यावरच विसंबावं लागतं. हातात उरतं ते फक्त निवडणं. आणि निवडण्याच्या कामात मराठी माणसाला कोण हरवणार? आपल्याकडे तांदूळ निवडण्यात पिढ्या गेल्या आहेत.

आप्पांचं गणित सराफी आहे. तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन, हे त्यांना कुठून तरी कळलं आणि गोरे लोक व लक्ष्मी रस्ता एकच आहेत याची खात्री पटली. .22 ची गोळी 40 ग्रेनची, म्हणजे तोळ्याला साडेचार. पोरगी एअर रायफलही खेळते; तिचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे तोळ्याला बावीस. पाहुण्यांना ते हे सांगतात आणि पाहुणे सोन्याचा आजचा भाव सांगतात.

रविवारी सकाळी पाचशे छऱ्यांचा डबा परातीत ओतला जातो. मग घरातले पंखे बंद. काटा मिलिग्रॅम दाखवतो आणि वाऱ्याच्या झुळकीनं बिथरतो, म्हणून मे महिन्यातही बंद. कुणी दार जोरात लावायचं नाही. शिंक आलीच तर अंगणात. प्रत्येक छर्रा आधी काचेवर गडगडवायचा, लंगडला तर बाद. मग भिंगाखाली कडा बघायची, मग काटा, मग वही. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, तेव्हा एवढी काळजी अगदीच वेडेपणाची नाही, हे मी कबूल करतो. मात्र वहीत त्या वेळचं हवामानही लिहितात. ताम्हिणीकडून ढग आले की आप्पांच्या मते शिसं जड होतं. याला शास्त्राचा आधार नाही.

त्यांची आई कोपऱ्यातून हे बघते. तिनं ठासणीची बंदूक पाहिलेली आहे. "आरं, तुझा आजा डुकराला बसायचा तवा चिमटीनं दारू घालायचा, वर चिंधी, वर छर्रे, आन् गजानं ठासायचा. कुटं काटा व्हता?"

"आणि डुक्कर पडायचं का?"

"येकदा पडलं."

आप्पा ही नोंद वहीत करत नाहीत.

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, त्यामुळे पुण्याच्या हवेतच हे ज्ञान असणार अशी त्यांची समजूत आहे. तिथून निवृत्त झालेला कुणी लग्नात भेटला की आप्पा त्याला मांडवाच्या कडेला घेतात आणि दारूच्या दाण्याबद्दल विचारतात. एकदा तासभर विचारल्यावर तो गृहस्थ म्हणाला, "साहेब, मी कँटीनला होतो."

निवडीतून तीन ढीग होतात: उत्तम, चालेल आणि बाद. बादवर पोरगी सराव करते. चालेलवर स्पर्धा खेळते. उत्तम डब्यात जातो, डबा कपाटात, किल्ली आप्पांच्या करगोट्याला. जिल्हा स्पर्धेला तिनं मागितला तर आप्पा म्हणाले, जिल्ह्याला कशाला, राज्याला काढू. राज्याला म्हणाले, राष्ट्रीयला काढू. घरातला चांगला डिनर सेट जसा कुठल्याच पाहुण्याच्या नशिबी येत नाही, तशी या छऱ्यांची गत झाली. पोरगी राष्ट्रीयला पात्र ठरली ती चालेलवरच. तेव्हा आप्पांनी कपाट उघडलं. शिशाला हवा लागली की त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड चढते, तो गंजच. पुढं न्यायचे ते उत्तम छर्रे पांढरेफटक झाले होते. आप्पांनी एक उचलून काट्यावर ठेवला आणि आनंदानं ओरडले, "वजन वाढलंय!"

पोरगी नवा डबा फोडून तसाच घेऊन गेली. ती चांगली खेळते. प्रशिक्षक तिचा श्वास, खांद्याची बैठक आणि बोटाचा दाब यांबद्दल बोलतात; आप्पा त्या बैठकीला मागे बसतात आणि घड्याळ बघतात. माणसाचं बोट कुठल्याच काट्यावर तोलता येत नाही, म्हणून त्या विषयात त्यांना रस नाही.

तुमच्या मुलामुलीला नेमबाजीत घालायचं असेल तर म्हाळुंग्याला जा, प्रशिक्षकाला भेटा, रेंजची रायफल वापरू द्या, आणि पहिली दोन वर्षं काटा विकत घेऊ नका. फारच वाटलं तर आप्पांकडे मागा. त्यांच्याकडे आता तीन आहेत आणि माणूस मनाचा मोठा आहे, लगेच देतील. फक्त परत न्याल तेव्हा ते तुमच्यासमोर काटा काट्यावर तोलून घेतील, त्याचा राग मानू नका.