सावित्रीला इतके अंक लागले नव्हते

सुपरहिरो म्हणजे उडणार, अशी माझी जुनी समजूत. स्वर्गात जायचं तर अंगावरचा झगा सावरायचा, मूठ पुढे काढायची आणि सुटायचं. कॉमिकमधल्या प्रोमेथियाने ती समजूत मोडली. ही बाई स्वर्गात पायी जाते. आणि सबंध वाटभर बोलत जाते.

तिचे कर्ते अ‍ॅलन मूर, इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनचे. १९९३ साली चाळिसाव्या वाढदिवशी त्यांनी आपण जादूगार झाल्याचं जाहीर केलं. आपल्याला त्या वयात फक्त चाळिशी लागते. त्यांचं आराध्यदैवत ग्लायकॉन, दुसऱ्या शतकातला सर्पदेव. हा देव म्हणजे हातात घालून नाचवायची बाहुली होती, हे ते स्वतःच सांगतात. इतका प्रामाणिक भक्त विरळा.

‘प्रोमेथिया’ १९९९ ते २००५ या काळात निघालं. अंक ३२. कब्बाला या ज्यू गूढविद्येतल्या जीवनवृक्षावर दहा मुक्काम आणि त्यांना जोडणाऱ्या बावीस वाटा असतात, त्यांची ही बेरीज. नायिका सोफी ही न्यूयॉर्कची कॉलेजातली पोर. प्रोमेथिया या नावावर निबंध लिहिता लिहिता ती स्वतःच प्रोमेथिया होते. आमच्या वेळी निबंध लिहून फार तर मान धरायची. तिच्या आधीची प्रोमेथिया बार्बरा मरते आणि आधीच वारलेल्या नवऱ्याला शोधायला वर निघते. सोबतीला सोफी.

हे मी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

‘‘म्हणजे सावित्रीच की.’’

‘‘हो, पण ही तेराव्या अंकात निघते आणि तेविसाव्यात पोचते.’’

‘‘अगंबाई! सावित्रीला इतके अंक लागले नव्हते.’’

आईचं चुकत नव्हतं. कीर्तनात आधी पूर्वरंग, मग आख्यान. मूरबुवांनी अकरा अंक पूर्वरंगच लावला. त्या दिवसांत पुष्कळ वाचक मंडपातून हळूच उठून गेले म्हणतात. मी बसून राहिलो तो चित्रांसाठी. जे. एच. विल्यम्स यांनी प्रत्येक मुक्कामाला वेगळा रंग आणि वेगळा हात दिलाय. नारिंगी, हिरवा, सोनेरी, लाल, निळा असं करत काळ्या मुक्कामाशी आलो तेव्हा दिवा गेला असं वाटून मी वर बघितलं. त्याआधीच्या बाराव्या अंकात तर पानापानाला टॅरोचं एकेक पान, त्यातून विश्वाचा इतिहास, तोही यमकात. आणि इंग्रज जादूगार अलिस्टर क्राउली बाळपणापासून म्हातारपणापर्यंत एकच विनोद सांगत जातो. असे एक काका आमच्याकडेही आहेत. त्यांचा अजून संपलेला नाही.

खरी फजिती नारिंगी मुक्कामावर झाली. तिथे दोन पानांवर मिळून आडव्या आठासारखी, पीळ दिलेली पट्टी आहे, मोबियसची. सोफी आणि बार्बरा तिच्यावरून चालताहेत. काही ठिकाणी सुलट, काही ठिकाणी चक्क उलट्या. संवाद वाचायचा तर पुस्तक फिरवावं लागतं. मी फिरवलं. फुगे संपेनात. आणखी फिरवलं. चष्मा नाकावरून घसरला, तो सावरताना ओळ सुटली. पुन्हा धरली, तर हे मघाशी वाचलंय असं लक्षात आलं. दोघी चालून चालून जिथून निघाल्या तिथेच आल्या होत्या. पाचव्या फेरीला पुस्तक हातात, मान तिरकी आणि एक कोपर उशीत, अशा अवस्थेत मला आईने पाहिलं.

‘‘घाट लागला का रे?’’

शेवटचा अंक याहून वरताण. त्याच्या पिना काढून पानं सुटी केली आणि जुळवून मांडली की दोन्ही बाजूंनी दिसणारं मोठं चित्र तयार होतं. मोक्षासाठी एवढा त्याग करायला मी तयार नाही. पुस्तकाला खाकी कव्हर घालणाऱ्या घरात वाढलोय.

‘‘मग भेटला का नवरा?’’ रात्री पानं वाढताना आईने विचारलं.

‘‘भेटला. पण खाली घोटाळा झाला. सोफी जाताना प्रोमेथियाचं काम मैत्रिणीवर सोपवून गेली होती. परत आली तर ती खुर्ची सोडेना.’’

आईचा हात आमटीच्या पळीवर थांबला. एवढ्या कब्बालातलं हेच तिला मनापासून पटलं होतं.

‘‘मी काशीला गेले तेव्हा शेजारणीकडे किल्ली ठेवली होती,’’ ती म्हणाली. ‘‘आले तेव्हा लोणच्याची बरणी अर्धी.’’