अण्णांच्या कॉम्प्युटरची वाचा बसली

"काय गं स्मिता, अण्णांचे भीमसेन सध्या पहाटेचे गात नाहीत ते? बरे आहेत ना अण्णा?"

"अण्णा ठणठणीत आहेत काकू. त्यांच्या कॉम्प्युटरची वाचा बसलीय."

"अजून तोच डबा?"

"तोच. एक्सपीवाला. मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच त्याच्यावरून हात झटकले, पण अण्णा सोडतील तर ना! सगळ्या सीडी त्यातच लावायच्या. नवीन घेऊया म्हटलं की विचारतात, त्याला सीडीची खाच असते का?"

"बरोबरच बोलतात. दाखवलंस कुणाला?"

"आला होता एक जण. आल्या आल्या चालू केला, कान लावला आणि म्हणाला, मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. वर व्हिजिटचे पैसे मागून गेला."

इथे मंगलकाकूंनी पाण्याची नळी जास्वंदीत टाकली आणि त्या कोयनेलीच्या कुंपणाला टेकल्या. काकूंची उमेद ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावर गेली. ज्यांनी हयातभर लोकांच्या लाइनी जोडल्या, त्यांच्यासमोर 'गेला' असं मोघम बोलून चालत नाही. मी शेजारच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर हातात होता.

"अगं, आवाज कुठवर येतो आणि कुठे अडतो, ते नको का बघायला? स्पीकर मोबाइलला लावून पाहिलेस?"

"पाहिले. छान वाजतात."

"म्हणजे स्पीकर सुटले. घड्याळाशेजारच्या कर्ण्यावर लाल खूण?"

"नाही. आतली ती 'वेव्ह'ची पट्टीसुद्धा बघितली. ती खाली असली की बाकी कितीही वाढवा, ढिम्म. पण ती वरच होती. शंतनूने पुण्याहून फोनवर डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावला. साउंडचं नाव आहे, पिवळं उद्गारचिन्ह नाही. तो म्हणाला, मग ड्रायव्हरही ठीक आणि बायोसमध्येही ते चालू आहे. मागची पिन हिरव्यातच आहे, गुलाबी माइकचं, ते मला माहितीय."

"आणि पुढे? त्या डब्याला पुढेही हेडफोनचं भोक असतं बघ."

"तिथे आम्ही काही लावत नाही हो. सुट्टीत जाऊबाईंचा बंटी राहून गेला, तो लावायचा. रात्रभर गेम."

"आणि आवाज कधीपासून गेला?"

स्मिता गप्प झाली. मग म्हणाली, "अगंबाई!"

"हां! ऐक आता. आमच्या बोर्डावर प्लग आत गेला की भोकातली पत्ती उचलली जायची. एक वाट तुटायची, दुसरी जुळायची. तुझं भोक त्याच कुळातलं. आमची पिन पाव इंची, तुझी साडेतीन मिलिमीटर, एवढाच फरक. त्या जमान्यातल्या डब्यांत आवाज आधी पुढच्या भोकाशी येतो, तिथल्या पत्त्यांवरून वळतो आणि मग मागे स्पीकरला जातो. पुढे हेडफोन लावला की मागचे गप्प, ते यासाठीच. आता बंटीने पिन उपटली, पण पत्ती परत टेकलीच नाही, नाहीतर धूळ बसून कळकली. डब्याला वाटतं, हेडफोन लावलेलाच आहे."

"नवीन कॉम्प्युटरातही असंच?"

"नाही. इंटेलनं २००४ नंतर पद्धत बदलली. आता पिन आली एवढी वर्दी फक्त जाते, पुढचं सॉफ्टवेअर ठरवतं. जा, हेडफोनची पिन पुढे घाल आणि काढ, पाच-दहा वेळा. स्पीकर बारीक ठेव, नाहीतर अण्णा दचकतील."

स्मिता आत गेली. खिडकीतून खर्रर्र आलं, मग तंबोरा, आणि तीही धावत बाहेर आली. "आला! पण डाव्याच स्पीकरला!"

"डाव्या-उजव्याच्या पत्त्या वेगळ्या असतात गं. एक बसली, दुसरी राहिली. अजून घाल-काढ."

"आणि नाहीच बसली तर पुढची वायरच काढून टाकू?"

"भलतंच! ती काढलीस तर मागचाही आवाज गेला. आवाज तिथूनच फिरून येतो ना! बोर्डावर त्या जागी दोन टोप्या घालाव्या लागतात, पाच-सहाला एक, नऊ-दहाला एक. जंपर म्हणतात त्याला. आमच्या जावयानं माझ्यासमोर घातल्या. ते तुला नाही जमायचं. त्यापेक्षा यूएसबीत खुपसायचं छोटं साउंड कार्ड आण, दोन-तीनशेत मिळतं."

"आणि तो माणूस मला नवा मदरबोर्ड घ्यायला लावत होता!"

"लावणारच. पत्ती साफ करून त्याला काय सुटणार?" काकूंनी नळी उचलली. "पण काय गं, हा बंटी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे ना?"

"होता. आता सिव्हिलला घातलाय. जाऊबाई सांगत नाहीत कुणाला, तुम्हीही बोलू नका."

"मी कशाला बोलू?" काकू म्हणाल्या, आणि माझ्या ओट्याकडे बघून एकदम आवाज खाली आणला.