घर आपलं, बटण कंपनीचं

३० ऑगस्ट २०२२. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत उन्हाचा कहर, आणि एक्सेल एनर्जी या वीजकंपनीच्या सुमारे २२ हजार ग्राहकांचे स्मार्ट थर्मोस्टॅट एकाएकी मालकाचं ऐकेनासे झाले. तापमान कमी करायला जावं, तर पडद्यावर ‘ऊर्जा आणीबाणी’चा निरोप, आकडा ढिम्म हलेना. एका घरात तर पारा ३१ अंश सेल्सिअसवर गेला.

जुलूम? छे! थर्मोस्टॅटची सूत्रं कंपनीच्या हाती देणाऱ्या योजनेत मंडळींनी स्वखुशीनेच नाव घातलं होतं; बदल्यात सुरुवातीला १०० डॉलर, पुढे दरसाल २५. एरवी कंपनीचा हुकूम धुडकावता येई. त्या दिवशी तेवढी सोय बंद होती.

२५ डॉलर म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. घाम पुसायच्या रुमालाची सोय झाली.