कार्यवाह कोण होणार?

सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेत एक प्रश्न असा निघतो, की तो ऐकताच भल्याभल्यांना घरी गॅस चालू राहिल्याचं आठवतं. ‘यंदा कार्यवाह कोण?’ पूर्वी या पदासाठी दोन गट भांडायचे. आता ते म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या, आणि त्याही ऑनलाइन भाजायच्या.

महाराष्ट्रात अशी संस्था काढली, की 1860 च्या कायद्याखाली एक नोंदणी आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दुसरी. एवढं एकदा उरकतं. पण पुढे एखादा विश्वस्त वारला, की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ती सर्वांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठरावाची नक्कल, नव्या माणसाचं संमतिपत्र, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प. मग तारीख. मग पुढची तारीख. मंजुरी येईपर्यंत शेड्यूल वनच्या उताऱ्यावर जुनंच नाव. दरम्यान नवा विश्वस्तही थकतो, कधी कधी जातो. पण आधीचा रिपोर्ट निकाली निघाल्याशिवाय त्याच्या जाण्याची दखल कोण घेणार? माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेच्या उताऱ्यावर सात विश्वस्त आहेत. त्यांतले पाच सभागृहाच्या भिंतीवर हार घालून बसलेत. बँकेला मात्र तोच उतारा ‘अद्ययावत’ हवा असतो.

हे कायदे उगाच आले नाहीत. देवस्थानच्या जमिनी विश्वस्तांच्या मेव्हण्यांकडे कशा गेल्या, याच्या कथा गावोगाव आहेत. त्या मानाने कायदा मवाळच म्हणायचा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत ठेवायला लावणारं कलमही याच कायद्यातलं, आणि तिथे कितीही कागद मागितले तरी माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की त्या रुग्णालयाकडे कागद सांभाळायला अख्खं खातं असतं, आणि वाचनालयाकडे निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांचा नातू. पासवर्ड नातवाला ठाऊक, आणि नातू बारावीला.

आयकराची बाजू वेगळीच. देणगीदाराला करसवलत देणारं 80जी एकदा मिळालं की जन्माचं, असा समज होता. 2021 पासून ते पाच-पाच वर्षांचं झालं. शिवाय प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार लिहून विवरण भरायचं. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. ही कलमं कार्यवाहांना पाढ्यांसारखी तोंडपाठ झाली न झाली तोच 2025 चा नवा आयकर कायदा आला आणि आकडेच बदलले. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या गावकऱ्याला कपाटं द्यायची हुक्की आलीच, तर परदेशी देणगीची वेगळी परवानगी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तिचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत. कपाटं कोपऱ्यावरच्या सुताराकडून घ्यायची असली तरी पैसा दिल्लीवरूनच येणार.

सगळ्यात पंचाईत होते ती गुप्तदानाची. आमच्याकडचे एक काका आईच्या आठवणीसाठी दीड लाख द्यायला निघाले. अट एकच, नाव कुठेही नको. कार्यवाहांनी चष्मा पुसत समजावलं, ‘काका, निनावी देणगी लाखाच्या वर गेली, की वरच्या रकमेवर तीस टक्के कर. तुमच्या पन्नास हजारांतले पंधराएक हजार सरकारला.’

‘आणि देवळात दिले तर?’

‘निव्वळ धार्मिक संस्थेला हा कर नाही.’

काकांनी चेकबुक मिटलं. ‘मग दत्ताच्या पेटीत टाकतो. पुस्तकं तुम्ही त्याच्याकडून मागून घ्या.’


कार्यवाह म्हणाले, ‘तसा ठराव घ्यावा लागेल.’