न घेतलेल्या कर्जाबद्दल आभार

परम आदरणीय कर्जदाते महोदय,



आपली-माझी भेट कधी झालेली नाही. आपल्या ॲपचं नावही मी परवापरवापर्यंत ऐकलं नव्हतं. तरीही आपण माझ्यावर ४८,००० रुपयांचा विश्वास टाकलात. सख्ख्या भावाकडे एवढे मागितले असते तर ‘कशाला’, ‘कधी देणार’ हे तरी आलं असतं. आपण ‘ही बाई नक्की कोण’ एवढंही विचारलं नाहीत. केवढं हे मन!

लेकीच्या शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून बँकेत बसले नसते, तर ही कृपा मला कळलीही नसती. ‘मॅडम, तुमचं सिबिल खराब आहे,’ साहेब म्हणाले. शेजारच्या काउंटरवरच्या दोघांनीही ते ऐकलं. अशी प्रसिद्धी पैसे मोजून मिळत नाही.

घरी येऊन सिबिलचा रिपोर्ट उघडला आणि आपल्या औदार्याची खरी व्याप्ती समजली. आपण मला नुसतं कर्ज दिलं नाहीत, अख्खा संसार थाटून दिलात. ज्या शहरात मी आयुष्यात पाय ठेवला नाही तिथं घर दिलंत, गल्ली आणि पिनकोडसकट. नवा मोबाइल नंबर दिलात. ईमेलही दिलात, त्यात माझं आडनाव चुकलंय, पण मिळालेल्या दानात खोट काढू नये. नाशिकच्या शाळेत वीस-बावीस वर्षं गणित शिकवणारी मी आपल्या दप्तरी ‘स्वयंरोजगार’ करते. जुनं म्हणून फक्त पॅन आणि जन्मतारीख तेवढी ठेवलीत. ग्राहकाचा रिपोर्ट कुणी पाहिला की सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीनं त्याला एसएमएस करायचा असतो. तोही त्या नव्या नंबरावर गेला असणार. माझी झोपमोड नको म्हणूनच ना?

आणि ती आकड्यांची रांग! ०३०, ०६०, ०९०... हप्ता किती दिवस थकला याची नोंद आपण महिन्यामागून महिना किती नेमानं केलीत. हाच नेम कर्ज देताना पाच मिनिटं दाखवला असतात तर? पण असो, मोठ्यांच्या कामात बोलू नये.

आपली वसुलीची मुलं गुणी आहेत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बजावलंय. ती आठ वाजून एक मिनिटानं करतात. मला कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. कर्ज देताना आपल्याला माझा नंबर सापडला नाही. वसुलीच्या वेळी मात्र अचूक सापडला, शिवाय माझ्या शाळेचाही.

त्यातल्या एकानं तर फारच माया दाखवली. ‘ताई, निम्मे भरा, सेटलमेंट करून टाकू.’ न घेतलेल्या कर्जावर पन्नास टक्के सूट! मी भरले असते, तर कर्ज माझंच होतं हे मी कबूल केलं असं झालं असतं आणि रिपोर्टात ‘सेटल्ड’ हा शिक्का बसला असता. तो पाहून पुढची प्रत्येक बँक नाक मुरडते, हे सांगायचं बिचारा विसरला.

आपण मला बड्या मंडळींच्या पंक्तीला बसवलंत, हे उपकार तर विसरताच येणार नाहीत. २०२२ साली सनी लिओनीच्या पॅनवर कुणीतरी २,००० रुपये उचलले होते, तर राजकुमार रावच्या नावावर २,५००. दोघांनी ते जाहीरपणे सांगितलं होतं. माझी पत त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी निघाली.

मी कृतघ्नासारखी तक्रार नोंदवली. पतमाहिती कंपनी म्हणाली, आम्हाला स्वतःहून काही बदलता येत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारतो. विचारलं आपल्याला. आपण आपलाच कागद पाहिलात आणि ‘माहिती बरोबर आहे’ असं कळवलंत. उंदराला मांजर साक्ष. नियमाप्रमाणे तक्रार फेटाळली तर कारण कळवावं लागतं. आपलं कारण असं होतं: ‘आमच्या नोंदीनुसार.’

मग आपण माझ्याकडे पुरावे मागितलेत. पॅन, आधार, सहीचा नमुना, पोलीस तक्रार आणि मी कर्ज घेतलेलं नाही असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. ते ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झालं. ज्यानं कर्ज नेलं त्याला एक ओटीपी पुरला. जिनं नेलं नाही तिला अख्खी फाइल लागली. चौकीतल्या हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बाई, पैसे कंपनीचे गेले ना? मग तक्रार कंपनीनं का नाही केली?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे असल्यास कळवावं. फसवलं त्यानं आपल्याला, आणि हजेरी लावतेय मी.

तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्या तिसांतले एकवीस दिवस आपले, उरलेले नऊ पतमाहिती कंपनीचे. आपण विसाव्या दिवशी ‘बरोबर आहे’ म्हणून मोकळे झालात. एक दिवस राखून! माझ्या वर्गातली मुलंही पेपर इतक्या हिशेबानं देत नाहीत.

आता एकच प्रश्न विचारते, राग मानू नये. डिजिटल कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा करायची, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलंय. मग माझे ४८,००० कोणत्या बँकेच्या, कोणत्या शाखेतल्या, कुणाच्या खात्यात गेले? आपल्याकडे वसुलीची मुलं आहेत, वकील आहेत, माझ्या शाळेचा नंबर आहे. तो एक खाते क्रमांकही असेलच. मी तो तीनदा लेखी मागितला. आपण मला तिन्ही वेळा हप्त्यांचं वेळापत्रक पाठवलंत.

तो क्रमांक येईपर्यंत मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करून ठेवली आहे. तिथं फी लागत नाही. आपल्या ‘बरोबर आहे’ची प्रत सोबत जोडली आहे, हवालदारांचा प्रश्नही लिहून पाठवला आहे.

कृपालोभ आहेच, तो थोडा कमी व्हावा ही विनंती.

आपली,
आपल्या दप्तरातली स्वयंरोजगारी बाई

ता. क. उत्तर पाकिटामागे लिहिलेल्या पत्त्यावर पाठवावं. आपण दिलेल्या घरी मी सध्या राहत नाही.