साकवावर कोनशिला मावत नाही

१ जुलैला रोटरी आणि लायन्सचं नवं वर्ष सुरू होतं. आमच्या सिंधुदुर्गात साकव, म्हणजे ओढ्यावरचा पायपूल, वाहून जायचा मुहूर्तही साधारण तोच. इकडे हॉलमध्ये पदग्रहण, शाल-श्रीफळ, मागाहून कोंबडी-वडे. तिकडे पोरं दप्तर पोटाशी धरून व्हाळाचं पाणी उतरायची वाट बघतायत. दोन्ही कार्यक्रम वेळेवर.

केन फ्रान्झ हा अमेरिकेतला बांधकाम व्यावसायिक. २००१ साली त्याने नॅशनल जिऑग्राफिकमध्ये एक फोटो पाहिला. इथिओपियात ब्लू नाईलवरचा दगडी पूल मधोमध तुटलेला, आणि खिंडारावर दोर टाकून लोक एकमेकांना पलीकडे ओढतायत. गडी तिकडे गेला, पूल दुरुस्त केला आणि ‘ब्रिजेस टू प्रॉस्पेरिटी’ ही संस्था काढून बसला. पुढे रोटरी क्लबांनी पैसा ओतला, सभासद रजा टाकून परक्या मुलखात राबायला गेले. बंदरातल्या क्रेनचे टाकून दिलेले लोखंडी दोर आणायचे आणि त्यावर झुलता पादचारी पूल टांगायचा. दगड, वाळू, अंगमेहनत गावाची. निकाराग्वात अर्थशास्त्रज्ञांनी मोजदादही केली. नदी फुगलेल्या आठवड्यांत पूल नसलेल्या गावांची मजुरी बुडत होती, पूल असलेल्यांची नाही. हे २०२०मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त छापून आलं. आमच्याकडे हे शेताच्या बांधावरची कुठलीही म्हातारी फुकट सांगेल.

इतक्या लांब कशाला? याच किनाऱ्याने गोवा ओलांडून खाली गेलात की दक्षिण कन्नडातलं सुळ्या लागतं. तिथले गिरीश भारद्वाज, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. १९८९ साली त्यांनी आरंबूरला पयस्विनी नदीवर पहिला झुलता पूल बांधला आणि पुढे शंभरावर बांधले. २०१७ला पद्मश्री मिळाली. लाल माती तीच, पाऊस तोच, पोफळीही त्याच.

आणि आमच्याकडे? माडाची दोन खोडं आडवी, वर चिव्याच्या कामट्या, धरायला एकाच बाजूला काठी. शेवाळ धरलं की बाईमाणूस चपला हातात घेऊन आडव्या पायांनी सरकतं. पक्का मागायला जा, उत्तर ठरलेलं: “साकव कित्याक? गाडी जाईत असो पूलच करूया!” मग पुलाचं अंदाजपत्रक होतं, नारळ फुटतो आणि पुढच्या निवडणुकीला तोच पूल पुन्हा मंजूर होतो. साकवाची खरी खोट एवढीच की त्यावर कोनशिला मावत नाही. बाकी मनात आणलं तर मालवणात वेग कमी नाही. राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ला कोसळला, आणि मे २०२५पर्यंत तिथे आधीपेक्षा उंच पुतळा उभा होता. व्हाळाला मात्र अशी घाई कोणाची नसते.

तसं पाहिलं तर आमचा खरा सेवाभावी क्लब परळ-लालबागच्या खोल्यांत भरतो. गावाचं मुंबई मंडळ! चाकरमान्यांनी पदराला खार लावून शाळा बांधल्या, देवळांचे जीर्णोद्धार केले. अलीकडे वाडीच्या तोंडावर कमान उभारायची हौस आली आहे. सिमेंटची, रंगीत, देणगीदारांच्या नावांसकट. कमानीतून आत शिरलं की पन्नास पावलांवर व्हाळ.

राबायला माणसं मिळत नाहीत हे तर सांगूच नका. पाऊस सरला की याच व्हाळांवर वनराई बंधारे पडतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, साहेब लोकही दोन पोती उचलतात, फोटो येतो. श्रमदानाने व्हाळ अडवता येतो, ओलांडायला मात्र शासन लागतं!

आता क्लबांचं. झुलते साकव रोटरी-लायन्सनी जरूर बांधावेत, पण अध्यक्ष दरसाल बदलतो, लोखंड मात्र तिथेच असतं, खाऱ्या वाऱ्यात. १५ जून २०२५ला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीखाली इंद्रायणीत कोसळला, चौघं गेली. तेव्हा साकव बांधणार असाल तर नट आवळायला आणि रंग काढायला पुढच्या दहा अध्यक्षांची सोयही आधीच करा.

वेळापत्रक मात्र तुमच्या सोयीचंच आहे. पुराची खूण जुलैत दिसते; पदग्रहण उरकलं की रंगाचा डबा घेऊन जा आणि झाडावर रेघ मारा. दिवाळीनंतर पाया, मेपर्यंत कठडा. जूनअखेर तुम्ही मोकळे. पहिली सभा मात्र मुंबईत घ्या. साकवाचं एक टोक कोणाच्या तरी सामाईक जमिनीत उतरणार, सातबारावर चाकरमान्यांची पन्नास नावं असणार, आणि त्यातल्या दोघा चुलत भावांचं १९९२पासून बोलणं नसणार.